गाईच्या रक्तातली साखर आणि खुराकातली चिमूट

पचनसंस्था शिकवताना आपण मुलांना एक ठरलेली वाट सांगतो. भाकरीतला पिष्टमय पदार्थ तोंडापासूनच सुटा होऊ लागतो, लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज होते, ते रक्तात शोषले जाते आणि पेशींना इंधन मिळते. माणसाच्या बाबतीत हे सारे बरोबर आहे. पण वर्गातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने विचारले, "सर, आमची गाय कडबा खाते. तिचंही असंच होतं का?" तर?

तसे होत नाही. प्रौढ गाय किंवा बैल यांच्या आतड्यातून ग्लुकोज म्हणून रक्तात जाणारी साखर त्यांच्या गरजेच्या मानाने अगदी थोडी असते. बहुतेक खुराकांवर ती गरजेच्या दहा टक्केही भरत नाही. तरीसुद्धा गाईचे रक्त केव्हाही तपासा, दर १०० मिलिलिटरमध्ये ४५ ते ७५ मिलिग्रॅम ग्लुकोज सापडतेच. तिच्या मेंदूला ते लागते, पोटातल्या वासराला लागते, दुधातली साखरही त्याच्यापासूनच तयार होते. आतड्यातून येत नाही, तर मग हे ग्लुकोज येते कुठून?

ते यकृतात तयार होते. आणि ज्या कच्च्या मालापासून तयार होते, तो माल यकृताला पुरवतात पोटातले जीवाणू. म्हणूनच खुराकात मिसळलेली एखादी चिमूटभर वस्तू, जी यकृतापर्यंत फारशी पोचतही नाही, ती यकृताचे काम बदलू शकते. या लेखात आपण अशा काही वस्तूंचा विचार करणार आहोत. उदाहरणे बरीचशी अमेरिकेतल्या, मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांची आहेत, कारण या विषयावरचे बहुतेक संशोधन त्यांच्यावरच झाले आहे. रसायनशास्त्र मात्र आपल्या गोठ्यातल्या जनावराचेही तेच आहे.

कोठीपोटात काय घडते?

गाईच्या पोटाचे चार कप्पे आपल्याला माहीत आहेत. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कोठीपोट. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तिथे हवा नाही, ऊब आहे, ओल आहे आणि अन्नाचा सतत पुरवठा आहे. जीवाणूंना आणखी काय हवे? चाऱ्यातले सेल्युलोज आणि धान्यातला स्टार्च या दोन्हींवर ते तुटून पडतात. साखर सुटी होते खरी, पण ती गाईला मिळण्याआधी जीवाणूच खाऊन टाकतात. ऑक्सिजन नसल्याने त्यांना साखर पुरती जाळता येत नाही. ती अर्धवट मोडून उरलेला भाग ते बाहेर टाकतात, आणि हा उरलेला भाग हेच गाईचे खरे अन्न. तिच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे सत्तर टक्के ऊर्जा त्यातून येते.

यात मुख्यतः तीन आम्ले असतात. अ‍ॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमधले), प्रोपिऑनिक आम्ल आणि ब्युटिरिक आम्ल. त्यांच्या रेणूंत अनुक्रमे दोन, तीन आणि चार कार्बन असतात. चारा मुख्य असला की शंभरातले साधारण ६५ ते ७० रेणू अ‍ॅसेटिकचे आणि १५ ते २० प्रोपिऑनिकचे निघतात. धान्य भरपूर दिले की प्रोपिऑनिकचा वाटा वाढतो, अ‍ॅसेटिकचा कमी होतो.

कोठीपोटाच्या भिंतीतून ही आम्ले रक्तात जातात. पोट आणि आतडी यांच्याकडून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल शीर नावाच्या मोठ्या शिरेतून ते आधी यकृतात येते. जकात नाक्यावर गाड्या थांबवून माल तपासावा, तसा प्रत्येक रेणू इथे तपासला जातो म्हणा ना.

या नाक्यावर तिन्ही आम्लांना वेगवेगळी वागणूक मिळते. ब्युटिरिकचा बराच भाग कोठीपोटाच्या भिंतीतच दुसऱ्या रूपात जातो. अ‍ॅसेटिक आम्ल यकृत जवळजवळ तसेच पुढे सोडून देते, कारण ते वापरायला लागणारे विकर गाईच्या यकृतात फार थोडे असते. हे आम्ल पुढे स्नायूंना इंधन म्हणून आणि चरबी बनवायला उपयोगी पडते. प्रोपिऑनिक आम्ल मात्र यकृत सोडत नाही. आलेल्यापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास ते अडवून ठेवते आणि त्यापासून ग्लुकोज तयार करते. तीन कार्बनचे दोन रेणू जोडले की सहा कार्बनचे ग्लुकोज, हा हिशेब मुलांनाही पटकन कळतो. प्रत्यक्षातली वाट बरीच वळणांची आहे, ती पुढे येईलच. प्रोपिऑनिक कमी पडले तर यकृत लॅक्टिक आम्ल, चरबीतले ग्लिसरॉल आणि अमिनो आम्ले यांच्यापासून ग्लुकोज बनवते. अमिनो आम्ले वापरणे म्हणजे घराच्या तुळया काढून चुलीत घालणे. ज्या अमिनो आम्लांचे मांस किंवा दूध झाले असते, ती इथे खर्ची पडतात.

हे सारे काम करणारे यकृत ५०० किलोच्या जनावरात सहा-सात किलोचे असते, म्हणजे वजनाच्या दीड टक्क्याहूनही कमी. पण शरीर जितका ऑक्सिजन वापरते, त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा एकटे यकृत घेते. त्याच्या कामात थोडा जरी फरक पडला तरी तो जनावराच्या वाढीत का दिसतो, ते यावरून लक्षात येईल.

दिवसाला एक मिलिग्रॅम

आता आपल्या विषयातली सर्वांत जुनी आणि आमच्या मते सर्वांत सुंदर गोष्ट.

पश्चिम ऑस्ट्रेलियात डेन्मार्क नावाचे गाव आहे. (देशाशी नावापलीकडे काही संबंध नाही.) तिथे हिरव्यागार कुरणात चरणारी गुरे हळूहळू खंगत, अन्न सोडत, अशक्त होत आणि शेवटी मरत. तीच गुरे दुसऱ्या भागात नेऊन सोडली तर सुधारत. न्यूझीलंडमध्ये असाच रोग होता आणि लिमोनाइट हे लोहखनिज चारले की जनावरे बरी होतात असे तिथे आढळले होते. रक्तक्षय दिसे, औषध लोखंडाचे, तेव्हा रोग लोहाच्या कमतरतेचा, असा साधा तर्क बांधला गेला.

एरिक अंडरवूड आणि फिल्मर या दोघांनी हा तर्क तपासून पाहिला. दोन गोष्टी जुळत नव्हत्या. एक म्हणजे, शुद्ध लोहक्षार देऊन गुण येत नव्हता, लिमोनाइटच लागे आणि तेही भरपूर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मेलेल्या जनावरांची यकृते तपासली, तर त्यात लोह कमी नव्हते, उलट साठून राहिलेले होते. ज्याची कमतरता म्हणायची तेच गोदामात भरलेले! मग त्यांनी लिमोनाइटमधून लोह काढून टाकले आणि उरलेला अर्क दिला. जनावरे सुधारली. त्या अर्काचे घटक वेगळे करत करत १९३५ साली ते कोबाल्टपाशी पोचले. खनिजात भेसळीसारखे असलेले कोबाल्ट हेच खरे औषध होते. त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात हेडली मार्स्टन आणि त्यांचे सहकारी मेंढ्यांच्या अशाच रोगावर काम करताना स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले होते.

पण कोबाल्ट करते काय? याला बराच काळ उत्तर नव्हते. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध रूपात हाती आले आणि त्याच्या रेणूत कोबाल्टचा अणू असल्याचे आढळले. (या गुंतागुंतीच्या रेणूची रचना पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने डोरोथी हॉजकिन यांनी उलगडली. त्यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) आता दुवे जुळले. खुराकात कोबाल्ट असेल तर कोठीपोटातले जीवाणू त्यापासून ब-१२ तयार करतात आणि ते जनावराला मिळते. आणि यकृतात प्रोपिऑनिक आम्लाचे ग्लुकोज होताना मधली एक पायरी ब-१२ शिवाय ओलांडताच येत नाही.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ती वाट थोडक्यात अशी. तीन कार्बनच्या प्रोपिऑनिकला आधी आणखी एक कार्बन जोडला जातो. तयार झालेल्या चार कार्बनच्या रेणूत एक गट फांदीसारखा बाजूला असतो. या रेणूची मांडणी बदलून तो सरळ साखळीचा केला की तो सक्सिनिल को-ए बनतो आणि क्रेब्ज चक्रात शिरतो. तिथून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि पुढे ग्लुकोज. फांदी सरळ करणारे विकर ब-१२ च्या मदतीशिवाय काम करत नाही. ब-१२ नसले की माल तिथेच तुंबतो. अडकलेला रेणू मिथिलमॅलोनिक आम्लाच्या रूपात रक्तात आणि लघवीत सापडतो. कोबाल्टची कमतरता ओळखायला आज ही तपासणीही वापरतात.

कोबाल्ट किती लागते? दर किलो सुक्या खुराकामागे ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम. दहा किलो खाणाऱ्या जनावराला दिवसाला एक ते दीड मिलिग्रॅम. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर घटकांची यादी छापलेली असते. तीत कोबाल्टचे नाव कुठे आहे ते मुलांना शोधायला सांगावे आणि इतके थोडे का, हे विचारावे.

धान्यावर पोसलेली गुरे आणि मोनेन्सिन

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मका मुबलक झाला आणि गुरे शेवटचे काही महिने धान्यावर पोसायची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास या राज्यांत उघड्या माळावर कुंपणे घालून हजारो गुरे एकत्र ठेवतात. याला फीडलॉट म्हणतात. कुरणावर वाढलेली गुरे इथे येतात आणि चार ते सहा महिने राहून रोज सुमारे दीड किलोने वजन वाढवतात. खुराकात शंभरातले ऐंशी-नव्वद भाग धान्य आणि तत्सम पदार्थ असतात, वैरण अगदी थोडी. खर्चातला मोठा भाग खुराकाचा असल्याने एक किलो वजन वाढायला किती किलो खुराक लागतो, या एका आकड्यावर सगळ्यांचे डोळे असतात.

१९६७ साली एली लिली या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसिस सिनॅमोनेन्सिस या मातीतल्या जीवाणूपासून मिळणाऱ्या मोनेन्सिन या पदार्थाची रचना प्रसिद्ध केली. आधी तो कोंबड्यांच्या आतड्यातल्या परजीवींवर वापरला गेला. १९७५ साली अमेरिकेत फीडलॉटमधल्या गुरांच्या खुराकात तो मिसळायला परवानगी मिळाली. मात्रा किती? दहा किलो खुराकात साधारण एक तृतीयांश ग्रॅम.

मोनेन्सिनचा रेणू सोडियमच्या आयनाला मिठीत घेतो आणि जीवाणूच्या पेशीपटलातून आरपार जातो. एका बाजूने सोडियम, दुसऱ्या बाजूने हायड्रोजन आयन, अशी त्याची ने-आण चालते. जिवंत पेशीला आतले-बाहेरचे आयन ठरावीक प्रमाणात ठेवावे लागतात. हे प्रमाण बिघडले की ती पंप चालवून आयन परत ढकलते. भोक पडलेल्या होडीतून सारखे पाणी उपसावे तसे. या उपशातच पेशीची ऊर्जा संपते आणि वाढ थांबते. ज्या जीवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते (ग्रॅम-ऋण जीवाणू), त्यांच्या आत मोनेन्सिन सहसा पोचत नाही. ज्यांना ते नसते (ग्रॅम-धन), ते सापडतात. आता गंमत अशी की हायड्रोजन सोडणारे बरेच जीवाणू दुसऱ्या गटात आहेत आणि प्रोपिऑनिक तयार करणारे मुख्यतः पहिल्या गटात. म्हणजे मोनेन्सिन गाईवर काहीच करत नाही, ते तिच्या भाडेकरूंपैकी काहींना घराबाहेर काढते.

याचा फायदा का होतो, हे फळ्यावर मांडता येते:

ग्लुकोजचा १ रेणू + पाण्याचे २ → अ‍ॅसेटिक आम्लाचे २ + कार्बन डायऑक्साइडचे २ + हायड्रोजनचे ४

ग्लुकोजचा १ रेणू + हायड्रोजनचे २ → प्रोपिऑनिक आम्लाचे २ + पाण्याचे २

कार्बन डायऑक्साइडचा १ रेणू + हायड्रोजनचे ४ → मिथेनचा १ + पाण्याचे २

पहिल्या वाटेने हायड्रोजन बाहेर पडतो. तो साठू देता येत नाही, म्हणून तिसऱ्या वाटेने त्याचा मिथेन होतो आणि गाय तो ढेकरेतून सोडून देते. त्या मिथेनबरोबर खाल्लेल्या अन्नातली काही ऊर्जाही हवेत जाते, वैरणीवर बरीच आणि धान्यावर त्याहून कमी. दुसरी वाट मात्र हायड्रोजन आत घेते. जळण-उष्णतेच्या आकड्यांतून हिशेब केला तर फरक स्पष्ट होतो. ग्लुकोजच्या एका मोलमध्ये सुमारे २८०३ किलोज्यूल ऊर्जा असते. अ‍ॅसेटिकच्या दोन मोलमध्ये १७४८, म्हणजे ६२ टक्के. प्रोपिऑनिकच्या दोन मोलमध्ये ३०५४, म्हणजे १०९ टक्के. शंभराहून जास्त कसे? उत्तर समीकरणातच आहे. बाहेरून घेतलेल्या हायड्रोजनची ऊर्जा त्यात आली आहे. विद्यार्थ्यांना हे स्वतः शोधू द्यावे.

मोनेन्सिनमुळे यकृताकडे जाणारे प्रोपिऑनिक वाढले की ग्लुकोजसाठी अमिनो आम्ले जाळायची गरज तितकी कमी होते. त्यातच आणखी एक भर पडते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात काम करणारे जेम्स रसेल यांनी १९८० च्या दशकात कोठीपोटातले असे काही जीवाणू शोधले, की ज्यांची संख्या थोडी असते पण अमिनो आम्ले फोडून अमोनिया बनवण्याचा वेग प्रचंड. मोनेन्सिनने हेही मरतात. कोठीपोटात अमोनिया कमी झाला की यकृताचे एक कष्टाचे काम हलके होते.

हे काम म्हणजे अमोनियाचा युरिया करणे. अमोनिया मेंदूला विषारी आहे. पोर्टल शिरेतून येणारा अमोनिया यकृत जवळजवळ सगळा टिपून घेते आणि त्याचा युरिया बनवते. हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली मांडले. युरियाच्या प्रत्येक रेणूमागे एटीपीचे चार ऊर्जाबंध खर्च होतात. गाय मात्र हा युरिया सगळा वाया घालवत नाही. काही भाग लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत आत येतो, जीवाणू त्यापासून प्रथिने करतात आणि पुढे तीच प्रथिने गाय पचवते.

युरिया हे स्वतःच एक खुराकातले पूरक द्रव्य आहे, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. कडब्यावर युरियाची प्रक्रिया आणि युरिया-मळीच्या चाटण-विटा आपल्याकडे माहितीच्या आहेत. फीडलॉटमध्येही स्वस्त नत्र म्हणून युरिया घालतात. प्रमाण एकूण खुराकाच्या एक टक्क्याच्या आसपास ठेवतात, याचे कारण यकृतच. युरियाचे पोते फुटले आणि जनावराने एकदम जास्त खाल्ले, तर कोठीपोटात त्याचा अमोनिया काही मिनिटांत तयार होतो. यकृताची क्षमता ओलांडली की उरलेला अमोनिया थेट मेंदूकडे जातो. अर्ध्या-एक तासात जनावर थरथरू लागते, फुगते, कोसळते. अशा वेळी पशुवैद्य थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात, ते अमोनिया रक्तात शिरू नये म्हणून.

मोनेन्सिनचा प्रत्यक्षात उपयोग किती झाला? १९८४ साली शेकडो चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. खुराक खाणे ६.४ टक्क्यांनी कमी झाले, वजन १.६ टक्क्यांनी जास्त वाढले आणि वाढीच्या प्रत्येक किलोमागे लागणारा खुराक ७.५ टक्क्यांनी घटला. २०१२ सालच्या तशाच विश्लेषणात खाणे सुमारे ३ टक्क्यांनीच कमी झालेले दिसते आणि खुराकाची बचत साडेसहा टक्क्यांच्या जवळ आहे. जनावर कमी का खाते, याचे एक स्पष्टीकरण पुन्हा यकृताकडे बोट दाखवते. प्रोपिऑनिकचा लोंढा आला की यकृतातील ऊर्जेची पातळी वाढते आणि तिथून मेंदूकडे 'पुरे' असा निरोप जातो. मिथेनमधली घट मात्र सुरुवातीला चांगली दिसते आणि काही आठवड्यांनी बरीचशी ओसरते. मोनेन्सिनने पृथ्वीचे तापमान आवरता येईल अशी आशा कोणी धरू नये.

एक धोक्याची सूचना इथेच. शोषले गेलेले थोडे मोनेन्सिन गुरांचे यकृत मोडून पित्तातून बाहेर टाकते. घोड्याच्या यकृताला हे काम फार सावकाश जमते. म्हणून गुरांना मारक ठरेल त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी मात्राही घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंचा नाश करून त्याला मारू शकते. गुरांचा खुराक चुकून घोड्यांच्या गोणीत गेल्यामुळे घोडे मेल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत.

यकृतातली गळवे

आतापर्यंतच्या हिशेबात सगळे फायद्याचेच दिसते. धान्य जास्त, प्रोपिऑनिक जास्त, वाढ जास्त. पण खळ्यावर सुटलेल्या बैलाने ज्वारीच्या राशीत तोंड घातले तर काय होते, हे आपल्याकडचा कोणताही जुना शेतकरी सांगेल. दाण्यातला स्टार्च कडब्याच्या मानाने फारच वेगाने आंबतो, कोठीपोटात लॅक्टिक आम्लाचा पूर येतो आणि बैल आजारी पडतो, कधी दगावतो. फीडलॉटमध्ये हा खळ्यावरचा अपघात सौम्य रूपात रोजच चालू असतो. जनावर आजारी दिसत नाही, पण कोठीपोटाचे अस्तर आम्लाने सुजते, त्याला बारीक व्रण पडतात.

कोठीपोटात फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जीवाणू एरवीही राहतो. त्याला साखरेत फारसा रस नाही, लॅक्टिक आम्ल हे त्याचे आवडते अन्न, त्यामुळे धान्यावर त्याचीही भरभराट होते. अस्तर फाटले की तो भिंतीत शिरतो, तिथून पोर्टल शिरेत आणि त्या रक्ताबरोबर थेट यकृतात. ज्या वाटेने प्रोपिऑनिक येते त्याच वाटेने हाही येतो. यकृताला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि या जीवाणूला तर ऑक्सिजन सोसत नाही. तो तिथे जगतो कसा? कॅन्सस राज्य विद्यापीठातले टी. जी. नागराज आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. या जीवाणूपाशी एक विष आहे, ते गुरांच्या पांढऱ्या पेशींनाच मारते. मेलेल्या पेशींतून सुटलेली द्रव्ये आसपासच्या ऊतीचाही नाश करतात आणि त्या मृत, ऑक्सिजनविरहित खळग्यात जीवाणूला घर मिळते. शरीर त्याभोवती जाड भिंत उभारते. झाले गळू तयार.

अशी गळवे फीडलॉटमधून आलेल्या गुरांपैकी साधारण दहा ते वीस टक्के यकृतांत सापडतात, काही कळपांत त्याहूनही जास्त. जनावराकडे बाहेरून पाहून बहुधा काहीच कळत नाही. ते खात असते, चालत असते. कत्तलखान्यात यकृत हातात घेतल्यावरच तपासनिसाला दिसते. ते यकृत माणसाच्या खाण्यातून बाद होते. गळवे मोठी आणि पुष्कळ असतील तर यकृत पडद्याला आणि आसपासच्या अवयवांना चिकटते, मांस कापून टाकावे लागते आणि त्या जनावराची वाढही कमी भरलेली आढळते.

यावर उपाय म्हणून टायलोसिन हे प्रतिजैविक खुराकात रोज दिले जाऊ लागले. त्याने गळवांचे प्रमाण चाळीस ते सत्तर टक्क्यांनी कमी होते. उपाय लागू पडतो, यात शंका नाही. अडचण दुसरीकडे आहे. टायलोसिन हे एरिथ्रोमायसिनच्या कुळातले, म्हणजे माणसाला लागणाऱ्या औषधांचे जवळचे नातेवाईक. महिनोन्महिने टायलोसिन खाल्लेल्या गुरांच्या शेणातल्या एंटरोकोकस जीवाणूंत या कुळातल्या औषधांना न जुमानणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मोनेन्सिनची गोष्ट यापेक्षा वेगळी, कारण त्याच्या जातीची औषधे माणसासाठी वापरत नाहीत. हा फरक चर्चेत पुष्कळदा विसरला जातो आणि दोन्हींना एकाच पारड्यात टाकले जाते. युरोपीय संघाने मात्र भेद केला नाही. १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खुराकात प्रतिजैविके घालण्यावर तिथे पूर्ण बंदी आली, त्यात गुरांचे मोनेन्सिनही आले. अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची औषधे केवळ वाढीसाठी देता येत नाहीत. रोग रोखण्यासाठी द्यायची तर पशुवैद्याचा लेखी आदेश लागतो. यकृतातील गळवे हा रोगच असल्याने टायलोसिन या दारातून अजून आत येते.

आमचे मत विचाराल तर टायलोसिन हे यकृताच्या रोगावरचे औषध नाहीच. दुखणे कोठीपोटात आहे आणि त्याचे मूळ गव्हाणीत. वैरण वाढवली की जनावर जास्त वेळ रवंथ करते, लाळ जास्त सुटते, लाळेतला सोडा आम्ल मारतो आणि अस्तर शाबूत राहते. ज्यांना केवळ कुरणावर वाढवले त्या गुरांत ही गळवे बरीच कमी आढळतात, ती याचमुळे. पण वैरण वाढवली की प्रोपिऑनिक कमी, वाढ मंद आणि दिवस जास्त. फीडलॉटच्या मालकाला यकृत बाद झाल्याने होणारे नुकसान त्या मानाने किरकोळ वाटते, कारण एकूण जनावराच्या किमतीत यकृताची किंमत फार थोडी असते. जीवाणूच्या त्या विषाविरुद्ध लसही तयार झाली, पण फीडलॉटमध्ये तिचे परिणाम एकसारखे आले नाहीत. वनस्पतींची तेले, यीस्ट अशा बऱ्याच पर्यायांच्या चाचण्या होत आहेत. टायलोसिन सलग देण्याऐवजी ठरावीक काळच दिले तर चालते का, हेही पाहिले जात आहे.

आपल्याकडे फीडलॉट नाहीत. पण जास्त दूध देणारी संकरित गाय व्यायली की तिच्या यकृतावर असाच ताण येतो. ग्लुकोजची मागणी एकदम वाढते आणि खाणे अजून वाढलेले नसते. मग अंगावरची चरबी सुटून यकृतात येते, तिथे ती पुरती जळत नाही आणि किटोसिस होतो. अशा गाईला पशुवैद्य प्रोपिलीन ग्लायकॉल पाजतात. त्याचा काही भाग कोठीपोटात प्रोपिऑनिक आम्ल होतो, काही भाग तसाच शोषला जातो आणि दोन्हींचे ग्लुकोज यकृतातच बनते. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ही बाटली विद्यार्थ्यांना दाखवता येईल, आणि ती तोंडाने का पाजायची, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावा.